आधी खुंटा दाखवा

इंगोले काकाजींच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे आणि त्यात माझाही लेख असावा, असा सत्कार समितीचा आग्रह झाला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सुईणपणाचे शिक्षण घेतलेली बाई. माझ्या हाताला नाळ बांधण्याची सवय आहे, वाक्ये बांधण्याची नाही. शिवाय समितीत टांगेवाले आहेत, पशुवैद्य आहेत, शेतकरी आहेत, दोन वकीलही आहेत, आणि काकाजींचे गुण गायला त्या सर्वांचे गळे माझ्याहून मोठे आहेत. पण त्यांच्यापाशी नसलेली एक गोष्ट माझ्यापाशी आहे. ती म्हणजे एक घोडी. ती वाघाच्या तोंडी जायची होती, ती काकाजींमुळे राहिली. त्या दिवसांची आठवण झाली की आजही मला सुटल्यासारखे वाटते, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा जामच्या चौरस्त्यापाशी आमचे प्रसूतिकेंद्र नुकतेच निघाले होते. आसपासच्या काही मंडळींनी मिळून ते उभे केले होते. अध्यक्ष होते कापसाचे एक मोठे व्यापारी. त्यांना सगळे शेटजीच म्हणत, मीही तेच म्हणते. नागपूरला शिक्षण पुरे करून मी तिथे रुजू झाले. खेडी फिरायची, दिवस गेलेल्या बायांना तपासायचे, वेळ आली की धावत जायचे, असे काम. धावायचे कशाने, तर टांग्याने. टांगा शेटजींनी दिला, हाकायला गुलाबभाई मिळाले, आणि घोडी आली वडनेरकडून, दानात.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तशा मालगुजारांच्या पागाही मोडल्या. वडनेरकडच्या अशाच एका घराण्याने चांगले घोडे विकून टाकले आणि उरलेली ही तरणी तांबडी घोडी केंद्राला देऊन पुण्य जोडले. धर्माची गाय नि दात का नाय, असे आपल्यात म्हणतात. आम्ही दात पाहिले. दात उत्तम होते. डाव्या डोळ्याखाली पाहायचे मात्र आम्हाला सुचले नाही. ते गुलाबभाईंनी दुसऱ्या दिवशी खरारा करताना पाहिले आणि खरारा तिथेच टाकून ते माझ्या दारात आले.

"बाई, हे तं आसूढाळ हाये," ते म्हणाले.

घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात आणि जाणते लोक त्यांवरून शुभाशुभ सांगतात. मानेवर देवमण असला की मालकाची भरभराट. डोळ्याखाली आसू ओघळल्यासारखा भोवरा असला की तो आसूढाळ. असा घोडा मालकाला रडवल्याशिवाय राहत नाही म्हणतात. आमच्या केंद्राला मालक असा कुणी नव्हताच, तेव्हा रडायचे कुणी हा प्रश्न होता. मी गुलाबभाईंना तसे म्हटलेही. ते हसले नाहीत.

पण घोडी खरोखरच वाईट वागू लागली. डाव्या बाजूने कुणी गेले की लाथ झाडायची. टांग्याला जुंपली की रस्त्याच्या डाव्या कडेला बसलेले कुत्रे, उभी असलेली बाई, काहीही दिसले की उजवीकडे उसळायची. गुलाबभाईंनी तिच्या डोळ्यांना आणखी मोठी झापडे शिवून आणली. ती अधिकच बिथरली. एका सकाळी आम्ही जामहून निघालो होतो. कुणीतरी डाव्या कडेच्या बोरीवर धुणे वाळत घातले होते. वाऱ्याने एक लुगडे फडफडले आणि घोडी जी उसळली ती थेट समोरून येणाऱ्या मालमोटारीच्या तोंडाशी. त्या भल्या माणसाने गाडी शेतात घातली म्हणून आम्ही वाचलो. टांगा कलंडला, माझे मनगट मुरगळले, औषधांच्या बाटल्या फुटल्या. गुलाबभाई धुळीतून उठले, अंग झटकले आणि म्हणाले, "मै बोला था ना, बाई."

शेटजींनी केंद्राच्या समितीची बैठक बोलावली. शेटजी वाईट मनुष्य नव्हेत, हे इथेच सांगून ठेवते. त्यांना माझ्या जिवाची खरीच काळजी वाटली होती. हिंगणघाटला तेव्हा एक सर्कस उतरली होती आणि त्यांचा मनुष्य वाघांच्या खाण्यासाठी गावोगाव निकामी जनावरे पाहत हिंडत होता. शेटजी म्हणाले, "असं जनावर दुसऱ्याले देनं म्हंजे त्याचं वाटोळं करनं. देऊन टाका सर्कसवाल्याले. ना आपल्याले ताप, ना दुसऱ्याले." सगळ्यांनी माना डोलावल्या.

घोडीचा मला राग आला होता, नाही असे नाही. पण अपघातानंतर मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती उभ्या अंगाने थरथरत होती. खोडसाळ बाई आणि भ्यालेली बाई यांतला फरक ओळखायला मला माझ्या धंद्याने शिकवले आहे. कळा सुरू झाल्या की कित्येकजणी अंगावर धावून येतात, चावतात, शिव्या देतात. त्या दुष्ट नसतात. ही घोडीही भ्यालेली होती आणि कशाला, ते मला कळत नव्हते. मी शेटजींना म्हटले की सर्कस जाईपर्यंत तरी थांबा. संक्रांतीनंतर सर्कसचा मुक्काम हलणार होता. शेटजी कबूल झाले. तोवर घोडी रस्त्यावर सरळ चालली तर ठेवू, नाही चालली तर ती वाघांची.

त्याच दिवशी गुलाबभाईंनी मला काकाजींचे नाव सांगितले. भोवऱ्यावर त्यांचा विश्वास होता, पण जनावर वाघाला घालणे त्यांनाही सोसवत नव्हते. "पिपरीले एक चाबूकस्वार राह्यते," ते म्हणाले. "बिगडलेले घोडे सुधारते म्हन्तात. पन मानूस थोडा सनकी हाये."

अशा रीतीने काकाजींची आणि माझी पहिली भेट एका जनावराचा जामीन मागण्यासाठी झाली. पिपरी मेघे हे वर्ध्याबाहेरचे लहानसे खेडे. घरामागे बाभळीच्या काट्यांचे गोल कुंपण होते आणि त्यात एक शिंगरू काकाजींच्या मागे मागे फिरत त्यांचा दुपट्टा ओढत होते. काकाजी त्याच्याकडे लक्ष न देता कुदळीला दांडा बसवत होते. मी चाबूकस्वार या शब्दाला भिऊन गेले होते. चाबूक शोधू लागले, तर तो परसात सापडला. मातीत रोवलेला होता आणि त्यावर वालाचा वेल चढला होता. नागपूरच्या सरकारी पागेत नव्या घोड्यांना तयार करायचे काम काकाजींनी आयुष्यभर केले. तिथे तो चाबूक त्यांना पदाबरोबर मिळाला आणि निवृत्त होताना तो परत घ्यायला कुणाला आठवले नाही, असे ते सांगतात. त्या वेलाला शेंगा चांगल्या लागतात.

काकूंनी मला पाणी दिले. घरातल्याच गडव्याने दिले, आणि मी पिऊन गडवा खाली ठेवला तो त्यांनी तसाच उचलून आत नेला. पुढे कधी हे वाचणाऱ्या तरुणांना यात लिहिण्यासारखे काय आहे असे वाटेल. तसे वाटावे हीच माझी इच्छा आहे. मला मात्र ते अजून आठवते. चहा काकाजींनी स्वतः केला आणि तो अत्यंत वाईट होता. तेही मला आठवते.

मी सगळी हकीकत सांगितली. भोवऱ्याचे सांगितले, मालमोटारीचे सांगितले, वाघांचेही सांगितले. ऐकून झाल्यावर काकाजी म्हणाले, "खुंटा कुठी हाये तिचा?"

"जामले. केंद्राच्या मांगं," मी म्हटले.

"थो नाई. लहानपनचा."

"वडनेरले असन मंग."

"तं आधी थो खुंटा दाखवा. घोडी मांगून पाहू."

माझ्याबरोबर आलेल्या गुलाबभाईंनी माझ्याकडे पाहिले. माणूस सनकी आहे ते मी तुम्हाला सांगितले होते, असा त्यांच्या चेहऱ्यावर भाव होता.

काकाजींची ही रीत आता जिल्हाभर ठाऊक आहे. बिघडलेला घोडा घेऊन कुणी आले की ते घोड्याकडे पाहतच नाहीत. तो कुठे बांधत होते, तिथून त्याला काय दिसत होते, काय ऐकू येत होते, हे पाहायला आधी जातात. हिंगणघाटच्या एका टांगेवाल्याची हकीकत तो स्वतःच सांगतो. त्याचा घोडा दुपार झाली की वेड्यासारखा लाथा झाडायचा. दोन वैदू झाले, एक मांत्रिक झाला. काकाजी गेले, खुंट्यापाशी दुपारभर बसले, आणि घोड्याला हातही न लावता खुंटा उपटून अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठोकून आले. कुडापलीकडे लोहाराची भट्टी होती आणि लोहार दुपारी फाळ तापवायला बसायचा. घोडा त्या दिवसापासून शहाणा झाला. टांगेवाला मात्र कित्येक दिवस नाराज होता. एवढे लांबून माणूस आणला आणि त्याने नुसता खुंटा हलवला, हे त्याला फसवल्यासारखे वाटले.

आम्ही वडनेरला गेलो. मालगुजारांच्या वाड्यात मला ओसरीवर बोलावणे झाले नाही. पागेत जायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. तेव्हा मीही काकाजींबरोबर पागा पाहिली. रिकामी पागा, उंदरांचा वावर, वाळलेल्या लिदीचा वास. बाकीचे खुंटे मधोमध होते, मोकळे. एकच खुंटा पार कोपऱ्यात होता. त्याच्या डाव्या अंगाला भिंत, आणि ती इतकी जवळ की बांधलेल्या जनावराचा डावा गाल तिला घासावा. गव्हाण उजवीकडे. पाण्याची दगडी कुंडी उजवीकडे. भिंतीवर घोड्याच्या गालाच्या उंचीला सारवण घासून गुळगुळीत झाले होते.

"बाकीचे खुंटे मधात, मंग ह्योच काऊन कोपऱ्यात?" काकाजींनी विचारले.

मालकीणबाई दारातून बोलत होत्या. त्यांना सांगायला संकोच वाटला नाही, कारण त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटतच नव्हते. "मामंजी सकाऊन उठले का पयले पागेत येत," त्या म्हणाल्या. "थो भवरा नजरेले पडला का दिवस खराब जाते म्हून मोतद्दाराले सांगून ठेवलं होतं. हिचं थे तोंड भिताडाकडं करून बांधत जाय. बाहीर काहाडली का गालावर गोंडा सोडत जाय. जल्मली तवापासून तसंच केलं आमी. मारलं नाई हो कवा कोनी."

काकाजी त्या कोपऱ्यात शिरले आणि घोडी जशी उभी राहत असेल तसे उभे राहिले, डावा गाल भिंतीला लावून. साठीकडे झुकलेला, पागोटे घातलेला मनुष्य भिंतीला गाल लावून उभा, हे पाहून मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. काकाजी बराच वेळ तसेच उभे होते. बाहेर आले तेव्हा गालाला माती लागली होती.

"खरं हाये तुमचं, मारलं नाई," ते म्हणाले. "पन डाव्या अंगाचं जगच नाई पाह्यलं तिनं. तिकडून लुगडं आलं काय अन् वाघ आला काय, तिले सारखंच."

मला त्या क्षणी काय वाटले ते सांगते. आधी मोठा भार उतरला. घोडीत दोष नव्हता. तिला भय होते, आणि त्याला भिंतीएवढे साधे कारण होते. मग मला राग आला, आणि तो नुसता घोडीसाठी नव्हता. आमच्या वस्तीकडेही गावाने पिढ्यान्‌पिढ्या भिंतच केली होती, आमची सावली नजरेला पडू नये म्हणून. आणि त्या बाजूने कुणी अचानक पुढे आले की गाव असेच उसळते. चूक मात्र त्या बाजूच्या माणसाची ठरते. मी हे काकाजींना बोलले नाही. बोलायची गरज पडली नाही.

कारण परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले, "सुमनबाई, तुमचा खुंटा कुठी हाये?"

मी त्यांना माझी खोली दाखवली. गावात मला कुणी खोली दिली नव्हती. बाळंतीण अडली की माझे हात चालत, पण भाडेकरू म्हणून मी चालत नव्हते. म्हणून कोंडवाड्याला लागून असलेल्या एका छपरात मी राहत होते. काकाजींनी आत येऊन खिडकी उघडली. खिडकी कोंडवाड्याच्या भिंतीवर उघडत होती. त्यांनी ती लावली आणि एवढेच म्हणाले, "हूं." पुढच्या आठवड्यात जाममध्येच राहणाऱ्या त्यांच्या मावसबहीण स्वतः माझी पेटी न्यायला आल्या. त्यांचे घर भर गावात होते आणि त्यांनी दिलेल्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडत होती. आळीतल्यांनी काही दिवस नाके मुरडली. मावशींनी, मी त्यांना तेच म्हणते, त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. मी अजून तिथेच राहते, आणि त्या आळीतली बरीचशी पोरे माझ्याच हातची आहेत.

गुलाबभाई घोडीला हाती धरून चालत पिपरीला घेऊन गेले. सवड मिळेल तेव्हा मीही जात असे. पहिल्यांदा गेले तर काय पाहावे? काकाजी कुंपणाच्या आत घोडीच्या डाव्या बाजूला, तिच्याकडे पाठ करून, अंबाडीचा दोर वळत बसले होते. घोडी दूरच्या टोकाला कान मागे टाकून उभी होती. मी विचारले, आज काय शिकवले? "आज दोर वळला," ते म्हणाले. पुढच्या खेपेला गेले तर ते तिथेच बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होते. कडबा डाव्या हाताशी ठेवलेला होता आणि घोडी दोन पावलांवर येऊन कान टवकारून ऐकत होती. दिल्लीची बातमी आली की ते थांबून आपले मत सांगत. घोडी मतभेद दाखवत नव्हती.

संक्रांत जवळ येत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मी एकदा चिडून म्हटले, "काकाजी, ती टांग्याले कवा जुंपाची? तिकडं वाघ वाट पाहून राह्यले."

"वाघाले घाई असन. तिले नाई," ते म्हणाले. "तिचं तिनं पाहू द्या. आपन दाखवलं तं ते आपलं पाहनं झालं."

काकाजींची सबुरी जनावरांपुरतीच आहे, हे या लेखात लिहिलेच पाहिजे. माणसांशी ती चट्‌कन संपते. घोडीला बिचकवील अशा आवाजात मी बोलले म्हणून त्यांनी मला कुंपणाबाहेर काढले आहे. एका वकीलसाहेबांनाही काढले आहे. त्यांचाही लेख याच ग्रंथात आहे, तेव्हा नाव घेत नाही.

हळूहळू घोडी डावीकडून कडबा घेऊ लागली. मग काकाजींनी बांबूला मऊ फडके बांधून दुरूनच तिचा डावा खांदा पुसला. ती शहारली, सरकली, पण पळाली नाही. ती सरकली की ते बांबू खाली घेत, उभी राहिली की पुन्हा पुसत. पुढे बांबू आखूड होत गेला आणि एक दिवस तो नव्हताच, नुसता हात होता. तो हात डाव्या डोळ्याखाली, त्या भोवऱ्यावर गेला तेव्हा मी तिथे होते. घोडीने डोळा मिटला. गुलाबभाई माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग साज आला, मग मागे ओढायला बाभळीचा ओंडका, म्हणजे मागून येणाऱ्या खडखडाटाची सवय व्हावी. आणि शेवटी टांगा आला. तेव्हा काकाजींनी ती मोठी झापडे काढून गुलाबभाईंच्या हातात दिली.

"झापडाबिगर?" गुलाबभाई घाबरले.

"झापडं लावूनच तं जगली आजवर," काकाजी म्हणाले.

परीक्षेचा दिवस जामच्या बाजाराचा होता. शेटजी, समितीची मंडळी आणि सर्कसचा मनुष्यही चौरस्त्यावर उभे होते. तो मनुष्य दोर घेऊनच आला होता. टांग्यात काकाजी पुढे, लगाम त्यांच्या हाती, शेजारी गुलाबभाई, मागे मी. मी बसणार नाही असे शेटजींनी ठरवले होते. मी म्हटले की ही घोडी मलाच न्यायला आहे, मी बसले नाही तर परीक्षा कसली. बसले खरी, पण टांग्याची दांडी मी दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

घोडी छान निघाली. कुत्री गेली, कोंबड्यांच्या पाट्या गेल्या, डाव्या कडेला बसलेल्या भाजीवाल्या गेल्या. ती दर वेळी डावा कान वळवायची, पाहायची आणि पुढे चालायची. आणि तेवढ्यात डावीकडच्या वाटेने सर्कसची जाहिरातीची गाडी बाहेर पडली. उंटाने ओढलेली, वर ढोल बडवणारा, आणि बाजूला रंगवलेला मोठा पडदा. पडद्यावर आ वासलेला वाघ होता. घोड्याला उंटाची किती धास्ती असते ते टांगेवाल्यांना विचारा. समोरून उजव्या अंगाने एक मालमोटार येत होती.

घोडी थांबली. तिचे अंग थरथरू लागले, ते मला टांग्याच्या दांड्यांतून कळत होते. गुलाबभाईंनी लगामाला हात घातला. काकाजींनी तो हात हळूच बाजूला केला आणि लगाम आवळायचा तो चक्क सैल सोडला. मागून शेटजी ओरडले, "अहो, आवळा, आवळा." काकाजींनी मान वळवली नाही.

"पाह्य माय," ते घोडीला म्हणाले. "पाहून घे नीट. कोनी तुले भिताडाकडं नाई करत आता."

तिने डावीकडे मान वळवली आणि त्या उंटाकडे, ढोलाकडे आणि ज्याच्या पोटात ती जायची होती त्या वाघाच्या चित्राकडे डाव्या डोळ्याने पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मालमोटार उजवीकडून धूळ उडवत निघून गेली. मग घोडीने मोठ्याने नाक फुरफुरले, मान झाडली आणि आपल्या आपण चालू लागली.

मी रडले. लोकांसमोर रडायची मला सवय नाही, पण रडले, आणि हसलेही. गुलाबभाई म्हणाले, "रुलाया तो सही, बाई. आसूढाळ का बोल झूठा नहीं पडा." तेव्हा मात्र ते स्वतःही हसत होते. सर्कसच्या मनुष्याने दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. शेटजी टांग्याजवळ आले, घोडीच्या डाव्या बाजूला जरा लांबच उभे राहिले आणि काकाजींना म्हणाले, "चुकलंच आमचं." काकाजी म्हणाले, "शेटजी, तिकडून नका सांगू. जवळ येऊन सांगा तिले." शेटजींनी बिचकतच हात पुढे केला.

त्याला आता काही वर्षे झाली. घोडी माझ्या टांग्याला आहे. आसपासच्या खेड्यांतून ती जाते तेव्हा पोरे धावत येतात. त्यांच्या आयांनी त्यांना सांगून ठेवले आहे की तुले या घोडीनं आनलं, म्हणून पोरे तिला मावशी म्हणतात. ज्या घरांतून पूर्वी काम झाले की मला अंगणातूनच परत पाठवत, तिथे आता घोडीसाठी गुळाचा खडा राखून ठेवतात, आणि घोडीच्या आधी मला चहा मिळतो. नागपूरला धम्मदीक्षा घेऊन मी परतले तेव्हा पिपरीला काकाजींना भेटायला गेले होते. ते म्हणाले, "काय सुमनबाई, नवा खुंटा ठोकला म्हन्तात?" मी म्हटले, "नाई काकाजी. जुना उपटला." ते खूप हसले आणि त्यांनी पुन्हा चहा केला. तो आधीइतकाच वाईट होता, आणि मी दोन कप प्याले.

या सत्काराची बोलणी करायला आम्ही गेलो तेव्हा काकाजी लगेच तयार झाले नाहीत. "मले कुठी बसवनार, ते आधी दाखवा," म्हणाले. मांडव घालायच्या मैदानावर त्यांनी स्वतः येऊन खुर्चीची जागा पाहिली. आम्ही खुर्ची मधोमध, पाठीमागे पडदा, अशी मांडणार होतो. त्यांनी ती निंबाच्या उजवीकडे हलवायला लावली आणि घोडी निंबाखाली, त्यांच्या डाव्या हाताला बांधायची असे ठरवले. अध्यक्षीय भाषण शेटजीच करणार आहेत. घोडीजवळून जाताना ते आता नेहमी डाव्या बाजूनेच जातात.

ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी परवा वर्ध्याहून छायाचित्रकार आला होता. त्याने घोडीची कहाणी ऐकली होती आणि त्याला तो अशुभ भोवरा टिपायचा होता. मी तिची मान धरली, गुलाबभाईंनी डोळ्याखालचे केस वर-खाली करून पाहिले, शेटजींनीही चष्मा लावून पाहिले. पण जाता-येता इतक्या पोरांनी, इतक्या बायांनी आणि काकाजींनी तिथे हात फिरवला आहे की केस पार गुळगुळीत झाले आहेत. भोवरा आम्हाला कुणालाच सापडला नाही.

काकाजी, त्या जागेवर पहिला हात तुमचा पडला. तो हात असाच मऊ राहो, तुमची पावले आमच्या खुंट्यांपाशी अशीच वळत राहोत, आणि तुम्ही निरोगी शंभर वर्षे पाहा. तुमच्या डाव्या बाजूला आम्ही सगळे उभे आहोत.